नाणेसंग्रह

नाणेसंग्रह : जुनी-नवी नाणी निवडून, त्यांची ओळख पटवून, नोंदीसह जतन करण्याचा छंद. डब्यात नुसती साठलेली नाणी म्हणजे चिल्लर. कुठल्या टाकसाळीत, कोणत्या साली पाडले आणि हाती कुठून आले, हे प्रत्येक नाण्याबद्दल लिहून ठेवायला लागले की संग्रह सुरू होतो. नाण्यांच्या अभ्यासाला नाणकशास्त्र म्हणतात.

नवशिक्याने सुरुवात खिशातल्या नाण्यांपासून करावी. सालाच्या आकड्याखाली बारीक खूण असते : हिऱ्यासारखा चौकट असेल तर सर्वसाधारणपणे मुंबईची टाकसाळ, चांदणी असेल तर हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर नाणे कोलकात्याचे. एकाच सालचा रुपया चार ठिकाणचा मिळवायचा म्हटला तरी महिनोन् महिने जातात, आणि तेवढ्यात डोळा तयार होतो. पुढची पायरी दशमान नाण्यांची. 1 एप्रिल 1957 पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. ‘नये’ हा शब्द 1964 मध्ये गळला. चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे ही नाणी अजूनही स्वस्तात मिळतात. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली, ‘चार आणे’ मात्र बोलण्यात राहिले.

मराठी संग्राहकाचा जीव अडकतो तो शिवराईत. शिवाजी महाराजांच्या या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. पुढच्या काळातही ती पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांत चालत होती. ठसा हाताने ठोकलेला, त्यात तांब्याची चकती ठशापेक्षा लहान. त्यामुळे एखाद्या नाण्यावर नुसते ‘राजा’ दिसते, एखाद्यावर ‘त्रप’ एवढेच. अक्षरांची वळणे, ठिपके, बिंदूंची कड यांवरून प्रकार ओळखायचे असतात. बाजारात नकला पुष्कळ आहेत. ओतीव नकलेच्या कडेला साच्याची शिवण आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसतात. सोन्याचा होन स्वस्तात देऊ करणाऱ्याकडे तर नवशिक्याने फिरकूच नये.

या छंदात सर्वांत जास्त नासधूस होते ती मायेपोटी. दिवाळीला देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया चिंचेने घासून लखलखीत करण्याची आपल्या घरांतली रीत. तोच हात शिवराईवर चालला की शेकडो वर्षांत जमलेला तपकिरी थर निघतो, त्यासोबत अक्षरांची धार जाते आणि नाण्याची किंमतही. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजत ठेवावे, घासू नये. तांब्यावर भुकटीसारखे हिरवे डाग वाढू लागले तर ते नाणे लगेच बाकीच्यांपासून वेगळे काढून जाणकाराला दाखवावे. नाणे नेहमी कडेला धरावे. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात कालांतराने चिकट हिरवट थर धरतो. पुठ्ठ्याच्या चौकटी बऱ्या. कोकणात पावसाळ्यात डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी हवीच.

नोंदीचे मोल जोगळटेंभीच्या साठ्यावरून कळते. नाशिक जिल्ह्यातील या गावी 1906 मध्ये क्षत्रप वंशातला राजा नहपान याची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी 9 हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची चैत्याची (कमानी रचून केलेल्या टेकडीसारखी) खूण उमटलेली पाहिली की सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली ते वेगळे सांगावे लागत नाही. हीच नाणी मोजण्याआधी सराफांकडे सुटी सुटी गेली असती, तर हे प्रमाण कधीच कळले नसते. म्हणून नांगराला किंवा पाया खणताना साठा लागला तर तो वाटून घेऊ नये. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

अस्सल नाणी जवळून पाहायची असतील तर मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था.