सफरचंदाची ममी

लोणच्याच्या कैरीला मीठ चोळून ठेवलं की काही वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. प्राचीन इजिप्तची ममी वर्गात शिकवायची तर सुरुवात या पाण्यापासून करावी, पिरॅमिडच्या चित्रापासून नव्हे.

सफरचंदाच्या तीन सारख्या फोडी घ्या आणि प्रत्येकीचं वजन वहीत लिहा. एक नुसती वाटीत ठेवा. दुसरी मीठ, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांच्या कोरड्या मिश्रणात पूर्ण गाडा. तिसरी त्याच मिश्रणाच्या दाट पाण्यात बुडवा. धुण्याच्या सोड्याने कातडी पोळते, म्हणून हातमोजे हवेतच, आणि फोड कुणी चाखायची नाही. 7 दिवसांनी पुन्हा वजन करा. गाडलेली फोड आकसून चामड्यासारखी चिवट झालेली असते. पाण्यातली तशी सुकत नाही.

ही तिसरी फोड मला सगळ्यांत मोलाची वाटते. इजिप्तमध्ये शव नॅट्रॉन नावाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवत की कोरड्या नॅट्रॉनमध्ये पुरत, यावर अभ्यासकांत खरोखरच वाद होता. इजिप्तचा राजा तुतनखामून याच्या थडग्यातल्या वस्तूंवर काम केलेले रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ल्यूकस यांनी कबुतरं आणि कोंबड्या घेऊन प्रयोग केले आणि कौल कोरड्या नॅट्रॉनच्या बाजूने दिला. म्हणून मुलं वर्गात करतात तो प्रयोग नुसता खेळ नाही. प्रश्न सुटला तो याच वाटेने.

नॅट्रॉन म्हणजे इजिप्तमधल्या वाडी अल-नत्रूनच्या तळ्यांकाठी सापडणारा नैसर्गिक क्षार. त्यातही हे दोन्ही सोडे आणि मीठ असतं. ते पाणी ओढून घेतं, शिवाय सोड्यामुळे चरबीचं विघटन होतं आणि जिवाणूंना जगणं कठीण जातं. संपूर्ण विधी 70 दिवसांचा, त्यातले सुमारे 40 दिवस सुकवण्याचे.

यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी काढून वेगळी जपत. हृदय मात्र शरीरातच ठेवत, कारण परलोकात ते सत्य आणि न्यायाची देवी मात हिच्या पिसासमोर तराजूत तोललं जाणार, अशी श्रद्धा होती. ज्या काट्यावर फोडी मोजल्या, त्याच काट्याजवळ मुलांना ही गोष्ट सांगा.

मग सुकलेली फोड कापडाच्या पट्टीत गुंडाळताना आत मातीचा छोटा भुंगेरा ठेवायला द्या. खऱ्या ममीच्या छातीवरच्या अशा भुंगेऱ्यावर मंत्र कोरत. त्यात मेलेला माणूस आपल्याच हृदयाला विनवतो, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.