सागवान इथे नापास

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सुताराला सांगून बघा, "खेळाचा पट करायचाय, नातवंडांपर्यंत टिकला पाहिजे, लाकूड तुम्हीच सुचवा." तो फार विचार न करता सागवान म्हणेल, पैसा सैल असेल तर शिसवी. जपानमध्ये गो नावाच्या सोंगट्यांच्या खेळाचे पट घडवणाऱ्या कारागिराला हेच विचारलं, तर तो ज्या लाकडाचं नाव घेईल त्यात नख दाबलं की वण उठतो. त्या झाडाचं नाव काया. तो मऊपणा चालवून घेतलेला दोष नव्हे. लोक लाखो रुपये मोजतात ते त्याच्यासाठीच.

गो मूळचा चीनचा खेळ. जपानमध्ये त्याच्या पटाची मोठी कलाच झाली. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, त्यांचे ३६१ छेद. काळ्या १८१ आणि पांढऱ्या १८० सोंगट्या आळीपाळीने त्या छेदांवर ठेवत जायच्या. ठेवलेली सोंगटी मग हलत नाही, चहूकडून घेरली गेली तरच उचलली जाते. कॅरमसारखं इथे काही सरकवायचं नसतं, त्यामुळे गुळगुळीत, कडक पृष्ठभागाची गरजच नाही. सोंगटी तर्जनी आणि मधल्या बोटात धरून पटावर टक्कन टेकवतात. पारंपरिक संचात पांढऱ्या सोंगट्या शिंपल्याच्या आणि काळ्या पाटीच्या दगडाच्या असतात, दोन्हीकडून फुगीर. एका डावात असे दोन-अडीचशे आघात सहज होतात.

कठीण लाकडाचे पटही झाले आहेत, नाही असं नाही. नारा शहरात शोसोइन नावाचं राजभांडार आहे. तिथे ८व्या शतकातल्या शोमू या सम्राटाच्या संग्रहातला एक पट जपून ठेवला आहे. त्याचं दर्शनी अंग शितान या उष्ण प्रदेशातल्या लालसर, कठीण लाकडाचं आहे आणि त्याच्या रेघा हस्तिदंताच्या आहेत. वस्तू अप्रतिम. पण मला तो पट कमी आणि दागिना जास्त वाटतो.

मऊ लाकडाचं गुपित त्याच्या पेशींत आहे. काया हे यू या झाडाच्या कुळातलं सूचिपर्णी झाड. इंग्लंडातले मध्ययुगीन धनुर्धर ज्या यूच्या लाकडाची लांब धनुष्यं वापरत, त्याच कुळाचं. सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग वाहिनिका नावाच्या एकाच प्रकारच्या पेशींचा असतो. या पेशी म्हणजे काही मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, आतून पोकळ नळ्या. अशा लक्षावधी नळ्यांची जुडी डोळ्यांसमोर आणा. सोंगटी आपटली की वरच्या थरातल्या नळ्या किंचित दबतात, धक्का पिऊन टाकतात. फुगीर सोंगटी डुगडुगत नाही, बसते. बोटालाही झटका लागत नाही. दिवसभर चालणाऱ्या डावात ही बारीक गोष्ट नसते.

सागाची रचना निराळी. हंगामाच्या सुरुवातीला साग मोठाल्या छिद्रांच्या वाहिन्या बनवतो आणि नंतर दाट लाकूड. म्हणून त्याच्या फळीवर खरखरीत आणि घट्ट पट्टे आलटून पालटून येतात. सोंगटी कधी पट्ट्यावर पडणार, कधी शेजारी, आणि स्पर्श दर वेळी वेगळा. त्यात सागाचा रंग तपकिरी, वयाबरोबर गडद होत जाणारा. त्यावर काळी सोंगटी हरवल्यासारखी दिसते. कायाचा रंग मधासारखा पिवळा, त्यावर काळं आणि पांढरं दोन्ही उठून दिसतं. त्याच्या वलयांमधला गडद-फिकट फरकही सौम्य असतो, त्यामुळे मुळची रेघ खेळाच्या रेघांशी भांडत नाही. एका बाबतीत मात्र सागाला न्याय द्यायला हवा: हवा बदलली की आकसण्या-फुगण्यात तो फारच संयमी आहे.

दबलेल्या जागेचं काय होतं? बरीचशी पुन्हा वर येते. सेल्युलोजच्या ताठ धाग्यांना लिग्निन आणि हेमिसेल्युलोज या पदार्थांनी बांधून लाकडाच्या पेशीची भिंत बनते. ओलावा मिळाला की हे बांधणारे पदार्थ थोडे सैल पडतात, भिंत फुगते आणि चेपलेली नळी मूळ आकाराकडे परतते. फर्निचरवर पोचा पडला तर ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री फिरवणारे सुतार हेच करतात, फक्त घाईने. कायाच्या पटावरचे हलके वण हवेतल्या दमटपणानेच हळूहळू भरत येतात. अर्थात पेशी चेपली असेल तरच. पार फुटली असेल तर ती काही उठत नाही.

मग आवाज. कोरियात जुने पट पोकळ पेटीसारखे असत आणि आत तारा ताणलेल्या असत, सोंगटी टेकली की पट झंकारायचा. जपानी पट मात्र भरीव ठोकळा असतो, पाय सोडून १५ ते २० सेंटिमीटर जाड. त्याच्या तळाशी मधोमध एक पिरॅमिडसारखा खळगा कोरतात. डावात मध्येच बोलून सल्ला देणाऱ्याचं मुंडकं छाटून या खळग्यात ठेवायचे, अशी दंतकथा सांगतात. पायांचा आकार गार्डेनियाच्या फळासारखा असतो. त्या फळाचं जपानी नाव कुचिनाशी, आणि त्याच उच्चाराचा अर्थ होतो 'तोंड नसलेला'. बघ्यांनी गप्प बसावं, हा इशारा. कारागीर त्या खळग्याची कारणं साधी सांगतात: आवाज घुमतो, आणि जाड ठोकळ्याच्या पोटातला ओलावा बाहेर पडायला वाट मिळाल्याने तडा जायची भीती कमी होते.

ओलावा हाच पटाचा खरा वैरी. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार आपण सगळ्यांनी ओढलेलं आहे. ते उंचीला वाढत नाही, रुंदीला फुगतं. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. आडव्या अंगातही दोन दिशा वेगळ्या वागतात. ओल्या लाकडाचं पूर्ण सुकं होताना गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने ते साधारण ४ टक्के आकसतं, तर वलयांच्या वळणाने साधारण ८ टक्के. त्रिज्येच्या दिशेने पसरलेल्या किरणपेशी तिकडचं आकसणं बऱ्याच अंशी रोखून धरतात.

आता पट मोजू. रुंदी सुमारे ४२.४ सेंटिमीटर, लांबी ४५.५. खेळाडू तिरकस नजरेने बघतो म्हणून चौरस दिसावा यासाठी तो मुद्दाम लांबट करतात. रुंदीत दोन रेघांमधलं अंतर २२ मिलिमीटर आणि सोंगटीचा व्यासही तेवढाच. जागा शिल्लकच नाही! सर्वसाधारण लाकडाचे आकडे धरून, लाकडातला ओलावा २० टक्क्यांवरून १० वर आला तर वलयांच्या दिशेने कापलेला पट रुंदीला जवळपास ११ मिलिमीटर आकसेल आणि सोंगट्या एकमेकींना ढुशा देऊ लागतील. त्रिज्येच्या दिशेने कापला तर निम्म्यावर भागतं. म्हणून खरा गिऱ्हाईक आधी पटाची आडवी बाजू बघतो, वलयं कशी उभी आहेत ते. वरच्या पृष्ठभागावर सरळ समांतर रेघा असलेल्या कापाला मासामे म्हणतात. वर, खाली आणि दोन्ही लांब बाजूंना, चारही अंगांनी सरळ रेघ दिसेल असा काप सगळ्यांत महाग.

महाग का, ते हिशेबातच दिसतं. गाभ्याचा मध्यबिंदू टाळून, त्रिज्येच्या दिशेने ४२ सेंटिमीटरचा जाड ठोकळा काढायचा, तर खोडाचा व्यास मीटरभराहून जास्त हवा. झाड वर्षाला दीड मिलिमीटर जाड वलय घालतं असं धरलं, तरी ५० सेंटिमीटरच्या त्रिज्येला तीनशेहून जास्त वर्षं लागतात. दक्षिण जपानमधल्या मियाझाकी प्रांताची काया सर्वांत नावाजलेली, पण अशी झाडं आता विरळा आणि तोडीवर निर्बंध. कोरियाच्या जेजू बेटावर बिजारिम नावाचं कायाचं अख्खं रान आहे, पाचशे-आठशे वर्षांची झाडं तिथे उभी आहेत, ती बघायची, तोडायची नाहीत. ठोकळा मिळाला तरी लगेच पट होत नाही. कापलेली टोकं मेणासारख्या लेपाने बंद करून तो वर्षानुवर्षं सावलीत सुकवत ठेवतात, कारण टोकांतून ओलावा भराभर निघाला तर चिरा पडणार. बाप लाकूड रचतो आणि मुलगा रंधा मारतो, असा हा धंदा.

म्हणून पर्याय आले. कात्सुरा हे रुंदपानी झाड, पण त्याच्या वाहिन्या बारीक आणि सगळीकडे सारख्या विखुरलेल्या, त्यामुळे स्पर्श एकसारखा. रंग जरा गडद, एवढंच. 'शिन-काया' म्हणजे 'नवी काया' या नावाने जे विकतात ते मुळी काया नसतंच, ते स्प्रूस असतं. व्हायोलिनची वरची फळी ज्याची करतात तेच झाड. दिसायला गोरं, आवाजाला चांगलं, चेपायला जरा जास्तच मऊ. मला त्या लाकडाबद्दल तक्रार नाही, नावाबद्दल आहे.

रेघा लाखेसारख्या उरुशी नावाच्या चिकाने ओढतात. हा चीक देणारं झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातलं. बिबा उतलेल्या कोणालाही उरुशीच्या फोडांची कल्पना येईल. गंमत अशी की दहा वर्षं लाकूड कोरडं करायला झटलेल्या कारागिराला आता दमट हवा हवी असते. चिकातलं एक विकर हवेतल्या ओलाव्याच्या आणि प्राणवायूच्या मदतीने त्याला घट्ट करतं, कोरड्या खोलीत तो वाळतच नाही. जुन्या पद्धतीत तलवारीच्या पात्याच्या कडेला चीक लावून ते पातं लाकडावर अलगद टेकवतात आणि एका दमात मिलिमीटरभर जाडीची रेघ उमटते. ३८ वेळा.

पिढीभर खेळून पृष्ठभाग मळला, वण भरेनासे झाले, की पट पुन्हा कारागिराकडे जातो. रंध्याखाली वरचा पातळ थर निघतो, रेघांसकट. खाली तीच पिवळी काया, तोच गोडसर वास, आणि पातं पुन्हा चिकात बुडतं.