इझोल्डच्या आधीची वर्षं

नॉर्वेची ऑपेरा-गायिका लीसे डेव्हिडसनची पहिली इझोल्ड, म्हणजे जर्मन संगीतकार वागनरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ची नायिका, २०२६मध्ये, आधी बार्सेलोनाला आणि मग न्यूयॉर्कला ठरली, तेव्हा ही भूमिका तिला झेपेल का, याची फारशी कुणाला काळजी नव्हती. इतकी वर्षं कशाला लावली, हा खरा प्रश्न होता. २०१५च्या उन्हाळ्यात तिचं नाव झालं तेव्हापासूनच वागनरचे श्रोते तिच्याकडे उद्याची इझोल्ड म्हणून बघत होते. मधल्या दहा वर्षांत तिने काय गायलं आणि काय बाजूला ठेवलं, हे पाहिलं की उत्तर सापडतं.

जन्म १९८७चा, दक्षिण नॉर्वेतल्या स्टोके या लहान गावातला. पंधराव्या वर्षी गाणं आणि गिटार. बर्गनला संगीताचं पदवी शिक्षण झालं ते मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या उंचीच्या स्त्रीस्वराची गायिका म्हणून. ओढा बाख आणि बरोक संगीताकडे, अनुभव समूहगायनाचा. समूहात गाणाऱ्याला आपला आवाज इतरांच्या आवाजात विरघळवायचा असतो आणि हिचा आवाज तर पुढे वागनरच्या वाद्यवृंदावरून प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा होता. कोपनहेगनला पुढच्या शिक्षणासाठी गेल्यावर तिथल्या शिक्षिकेने निदान बदललं : हा आवाज मेझोचा नाही, सोप्रानोचा, म्हणजे सर्वांत वरच्या स्त्रीस्वराचा आहे. २०१४मध्ये ते शिक्षण पुरं झालं.

हे ‘निदान’ प्रकरण नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. आपल्याकडे गायिका आपला सा स्वतः ठरवते. काळी चार असो की काळी पाच, राग तोच राहतो, आणि वयाप्रमाणे पट्टी एखाद्या सुराने उतरवली तरी त्यात कुणाला वावगं वाटत नाही. ऑपेरात स्वर संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेला असतो आणि आवाजाने त्याच्याकडे जायचं असतं. त्यामुळे आवाजाची जात ओळखणं हा तिथे कळीचा निर्णय. मोठा आवाज कोवळ्या वयात फसवतो. मधल्या सप्तकात भरघोस नाद असतो, वरचे सूर अजून मोकळे झालेले नसतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही मेझो. वरच्या सुरांना जागा मिळायला कधी कधी पंचविशी उजाडते.

सोप्रानो ठरल्यावरही गुंता संपत नाही, कारण सोप्रानोंच्याही जाती आहेत. जर्मन नाट्यगृहांत यासाठी ‘फाख’ हा शब्द चालतो. त्याचा साधा अर्थ खण, कप्पा. या नाट्यगृहांत गायकांचा ताफा कायम नोकरीवर असतो. कोण कुठल्या फाखचा हे करारात लिहिलेलं असलं, की त्या खणातल्या भूमिका त्याने करायच्या आणि खणाबाहेरची भूमिका गळ्यात मारली जात असेल तर त्याने नकार द्यायचा, अशी ही रीत. म्हणजे मुळात ही सौंदर्यशास्त्रातली वर्गवारी कमी आणि कामगारहक्काची तरतूद जास्त. पुढे समीक्षकांनी हे खण उचलले आणि गायिकांवर चिठ्ठ्यांसारखे डकवले.

डेव्हिडसनला लागू होणारे खण दोन. एक ‘युगेंडलिश-ड्रामाटिश’, शब्दशः तरुण-नाट्यमय. वागनरची एल्झा, एलिझाबेथ, झीग्लिंडे या नायिका त्यात येतात. दुसरा ‘होखड्रामाटिश’, म्हणजे त्याहून जड. ब्रुनहिल्डे आणि इझोल्ड तिथल्या. पहिल्यातला ‘तरुण’ हा शब्द सतत चुकीचा वाचला जातो. तो गायिकेच्या वयाबद्दल नाही. नायिका कोवळी आहे आणि आवाजात वजनाबरोबर उजेडही हवा, एवढंच तो सांगतो. पण वाचणारे त्यातून एक शिडी बनवतात : तरुणपणी पहिली पायरी, जाणतेपणी दुसरी. मग पहिल्या पायरीवर कुणी थांबलं की त्याला ‘उशीर’ म्हणतात. त्यात इटालियन परंपरा याच सुमाराच्या आवाजाला ‘लिरिको स्पिंटो’ म्हणते, म्हणजे पुढे रेटलेला लिरिक, हलका गेय आवाज. पुच्चिनीची टोस्का किंवा व्हेर्दीच्या ‘ला फोर्झा देल देस्तिनो’मधली (थोडक्यात ‘फोर्झा’) लिओनोरा या भूमिका स्पिंटोच्या. जर्मन खण आणि इटालियन नाव एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, आणि डेव्हिडसनबद्दलचे निम्मे वाद या फटीतून आलेले आहेत.

२०१५मध्ये तिने लंडनला झालेली ऑपेरा-गायकांची ऑपरेलिया स्पर्धा जिंकली. पहिलं बक्षीस, श्रोत्यांचं बक्षीस आणि थोर स्वीडिश वागनर-गायिका बिर्गिट निल्सन यांच्या नावाचं बक्षीस, तिन्ही तिलाच. त्याच उन्हाळ्यात ऑस्लोतली क्वीन सोन्या स्पर्धाही तिने जिंकली. अशा वेळी मोठी नाट्यगृहं आणि एजंट मोठ्या भूमिका घेऊन दारात उभे राहतात. नाट्यमय सोप्रानो दुर्मीळ, मागणी अफाट. पाच वर्षांत दोन ब्रुनहिल्डे आणि एक इझोल्ड गाऊन पस्तिशीत गळा गमावता येतो, आणि या व्यवसायात तसं घडलेलंही आहे.

तिने २०१७मध्ये निवडली ती रिचर्ड स्ट्राउसची आरिआडने, तीही इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नच्या महोत्सवात. तिथल्या प्रेक्षागृहात जेमतेम १,२०० खुर्च्या, आणि या ऑपेराचा वाद्यवृंद सदतीसच वादकांचा. वागनरचा याच्या अडीचपट. मोठा आवाज लहान जागेत, हलक्या साथीवर तपासून घ्यायचा ही निवड मला तिच्या सगळ्या वाटचालीत सर्वांत शहाणी वाटते. त्याच्या सहासष्ट वर्षं आधी, १९५१मध्ये, स्वीडनबाहेर पहिल्यांदा ठळकपणे दिसलेल्या बिर्गिट निल्सनही याच ग्लाइंडबोर्नला, मोझार्टच्या ‘इडोमेनिओ’मध्ये गायल्या होत्या.

पुढच्या वर्षी मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचा करार झाला. २०१९ हे वर्ष तिचं. उन्हाळ्यात जर्मनीतल्या बायरॉइटला, वागनरने स्वतः उभारलेल्या नाट्यगृहात, ‘टानहॉयझर’मधली एलिझाबेथ. बायरॉइटला वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकलेल्या खड्ड्यात बसतो. आवाज आधी मंचाकडे आणि मग प्रेक्षकांकडे येतो, त्यामुळे गाणाऱ्याला वाद्यांशी झुंजावं लागत नाही. वागनरसाठी याहून सुरक्षित घर नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनला पदार्पण. तिथे सुमारे ३,८०० लोक बसतात आणि ध्वनिवर्धक नसतो. पण तिथे तिने वागनर गायलाच नाही. चायकोव्हस्कीच्या ‘इस्पिकच्या राणी’मधली लीसा गायली.

मार्च २०२०मध्ये लंडनला बेथोव्हेनच्या ‘फिडेलियो’चे प्रयोग साथीमुळे शेवटच्या टप्प्यात थांबले आणि चित्रपटगृहांतलं थेट प्रक्षेपण रद्द झालं. ऑगस्टमध्ये तिने ऑस्लोच्या एका राजवाड्यातून इंटरनेटवर मैफल केली. २०२१मध्ये बायरॉइटला एलिझाबेथबरोबर झीग्लिंडेही आली. झीग्लिंडे म्हणजे ‘रिंग’ या वागनरच्या चार ऑपेरांच्या मालिकेतच, पण ब्रुनहिल्डेच्या अलीकडे.

त्यानंतर ती इटालियन संगीताकडे वळली आणि मतं दुभंगली. न्यूयॉर्कला २०२४च्या सुरुवातीला ‘फोर्झा’, वर्षअखेरीस ‘टोस्का’. काहींच्या मते आवाज भव्य पण थंड, शब्दांत इटालियन ऊब नाही. काहींच्या मते हा सरळ वेळेचा अपव्यय. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. तिचे वरचे सूर पोलादासारखे लखलखतात, पण इटालियन ओळीतला हुंदका तिला सहज येत नाही. दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. व्हेर्दी सलग, लांब श्वासाची लय मागतो, आणि नुसत्या ताकदीने गाणाऱ्या वागनर-गायिका ती हरवून बसतात. मधल्या मे महिन्यात पॅरिसला स्ट्राउसची सालोमे झाली. राजकन्या कोवळी आणि वाद्यवृंद अजस्र, अशी ही भूमिका. जड काम ती टाळत होती असं म्हणायला त्यानंतर जागा उरली नाही. २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला पुन्हा ‘फिडेलियो’ : जुळ्यांची आई होणार असल्याचं जाहीर केलेली गायिका, भूमिका पुरुषवेषात नवऱ्याला तुरुंगातून सोडवणाऱ्या लेओनोरेची. त्यानंतर रजा.

नॉर्वेतून असा आवाज आला की तिथल्याच जुन्या, थोर वागनर-गायिका कर्स्टन फ्लॅगस्टॅड यांचं नाव निघणारच. त्यांचं चित्र देशाच्या शंभर क्रोनरच्या नोटेवर येऊन गेलं आहे. तुलना करणारे सहसा सांगतात ती तारीख २ फेब्रुवारी १९३५, मेट्रोपोलिटनवर झीग्लिंडे गाऊन बाईंनी अमेरिका जिंकली तो दिवस. त्याआधीचं सांगत नाहीत. पदार्पण १९१३चं, आणि नंतरची जवळपास वीस वर्षं स्कँडिनेव्हियात ऑपरेटा (हलकीफुलकी संगीतिका) आणि हलक्या भूमिका. पहिली इझोल्ड १९३२मध्ये, ऑस्लोला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. निल्सन बायरॉइटला इझोल्ड म्हणून उभ्या राहिल्या १९५७मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी. डेव्हिडसनची इझोल्ड ठरली ती वयाची अडतीस-एकोणचाळीस वर्षं धरून.

१९५२मध्ये फ्लॅगस्टॅडबाईंनी ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ संपूर्ण ध्वनिमुद्रित केलं तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या, आणि त्यातले सर्वांत वरचे दोन सूर दुसऱ्या सोप्रानोने गाऊन दिले होते. बाकी चार तासांचा आवाज त्यांचा स्वतःचा आहे. न्यूयॉर्कने आता नव्या ‘रिंग’मधली ब्रुनहिल्डेही डेव्हिडसनसाठी योजली आहे.