सामुराईपटांचे जपानी रीमेक

१९५० आणि ६०च्या दशकांत गाजलेले सामुराईपट एकविसाव्या शतकात जपानी दिग्दर्शकांनी नव्याने काढले, त्यांचा हा गट. इतिहासकाळात घडणाऱ्या चित्रपटांना जपानीत ‘जिदाईगेकी’ म्हणतात. टीव्हीचा जम बसल्यावर त्यांची थिएटरमधली सद्दी संपत गेली होती.

ताकेशी कितानो यांनी आंधळ्या तलवारबाजाच्या जुन्या मालिकेतला नायक उचलून ‘झातोइची’ (२००३) काढला आणि व्हेनिस महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळवला. २००८मध्ये शिंजी हिगुची यांनी विख्यात दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ला (१९५८) हात घातला. त्याच्या आदल्या वर्षी योशिमित्सू मोरिता यांनी कुरोसावांच्या ‘सांजुरो’ची (१९६२) मूळ पटकथाच जवळजवळ जशीच्या तशी वापरली होती. मूळ चित्रपटाच्या शेवटी दोघे समोरासमोर उभे राहतात, बराच वेळ कोणीच हलत नाही. मग एकच वार आणि रक्ताचा प्रचंड फवारा. पटकथा हाती होती, पण मूळ नायक तोशिरो मिफुने यांचा दरारा कुठून आणणार? नुसती नक्कल किती तोकडी पडते, हे या चित्रपटात दिसते.

ताकाशी मिईके यांचे दोन रीमेक मात्र खरोखर महत्त्वाचे आहेत. एइची कुदो यांच्या १९६३च्या कृष्णधवल चित्रपटावरून त्यांनी ‘थर्टीन असॅसिन्स’ (२०१०) केला. एका क्रूर सरदाराला वाटेतल्या गावात गाठून मारण्याचा हा कट. मिईके यांनी शत्रूची संख्या वाढवली आणि शेवटची लढाई पाऊण तासाच्या घरात नेली. सरदाराचे क्रौर्य त्यांनी आधीच इतके ठसवले आहे की एवढा रक्तपात उगाच वाटत नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ (१९६२) थ्रीडीमध्ये पुन्हा केला. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेतला हा पहिला थ्रीडी चित्रपट. संगीत रयुइची साकामोतो यांचे. धनी गमावलेला एक गरीब तरुण सामुराई बड्या घराण्याच्या दारी येतो आणि अंगणात पोट चिरून घेण्याची परवानगी मागतो. चार पैसे हातावर ठेवून आपल्याला परत पाठवतील, एवढीच त्याची आशा. घराणे त्याला खरोखरच मरायला लावते, तेही त्याच्या म्यानातल्या बांबूच्या पात्याने. पोलादी पाते त्याने संसारापायी कधीच विकलेले असते. मूळ चित्रपटात त्याचा सासरा हान्शिरो खऱ्या तलवारीने सूड उगवतो. मिईके यांचा हान्शिरो शेवटच्या झुंजीत बांबूचीच तलवार उपसतो. ज्या पात्याने जावयाची विटंबना झाली तसलेच पाते हाती घेऊन तो घराण्याला जाब विचारतो. मूळ चित्रपटाचा थंड संताप नव्यात उतरलेला नाही, कोबायाशींचा चित्रपट आजही उजवाच. पण हा एक बदल त्याच्या तोडीचा आहे.

पाश्चात्त्यांनी हीच कथानके फार आधी नेली होती: ‘सेव्हन सामुराई’वरून (१९५४) ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) निघाला. उलट दिशेचा प्रवास सांग-इल ली यांनी २०१३मध्ये केला. क्लिंट ईस्टवुड यांचा वेस्टर्न ‘अनफरगिव्हन’ (१९९२) त्यांनी मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर नेला, नायक केन वातानाबे.