पाचटाचे जैवतेल

वाळका काडीकचरा हवेशिवाय झपाट्याने तापवायचा आणि निघालेली वाफ लगेच थंड करायची, की जे काळपट तपकिरी द्रव इंधन हाती येते ते जैवतेल. दिसते पातळ काकवीसारखे. वास मात्र धुराचा, नाकाला झोंबणारा. ‘तेल’ नावापुरतेच, कारण त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते आणि डिझेलमध्ये ते मिसळत नाही.

बेळगाव सीमाभागात, विशेषतः निपाणी, चिकोडी, अथणीकडे, कच्चा माल म्हणजे अर्थातच ऊस. पण उसाचे सगळेच काही टाकाऊ नाही. वाडे, म्हणजे हिरवे शेंडे, जनावरे खातात; रस काढून उरलेले चिपाड कारखान्याच्या बॉयलरला आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाला लागते. (ज्वारीच्या कडब्याला टाकाऊ म्हणणाऱ्याने उन्हाळ्यात गोठा सांभाळलेला नसावा.) उरते पाचट, म्हणजे उसाची वाळली पाने, हेक्टरी साधारण ८ ते १० टन. तोड झाली की बहुतेक ठिकाणी त्याला काडी लावतात. काही जण ते खोडव्याच्या, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाच्या, सरीत कुजवतात.

तेलासाठी पाचटातला ओलावा १० टक्क्यांखाली आणून, त्याचे बारीक तुकडे करून ते सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या तापल्या वाळूत सोडतात. वाफ दोनेक सेकंदांत थंड झाली नाही, तर ती फुटून तिचा वायूच होतो. लाकडापासून वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळतो. पाचटाचा उतारा कमी पडतो, कारण त्याच्या राखेतले पोटॅशियम वाफ फोडते. पाचट धुतले तर पोटॅशियम जाते, पण पुन्हा वाळवणे आले.

खरी अडचण ऑक्सिजनची. तेलाच्या वजनात तो ३५ ते ४० टक्के भरतो; त्यामुळे किलोमागे उष्णता १६ ते १९ मेगाज्यूल, डिझेलच्या निम्म्याहून कमी. शिवाय तेल आंबट (पीएच २ ते ३), लोखंडी टाकी खाणारे, आणि ठेवले तर दाटत जाणारे. हा ऑक्सिजन काढायला उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ, लागतो. झेडएसएम-५ या झिओलाइटच्या (ॲल्युमिनियम-सिलिकॉनयुक्त सच्छिद्र पदार्थाच्या) सूक्ष्म छिद्रांतून वाफ जाताना ऑक्सिजन पाणी आणि कार्बनचे ऑक्साइड होऊन सुटतो, मागे बेंझीन-टोल्यूइनसारखी हायड्रोकार्बने राहतात. तेल सुधारते, पण घटते. छिद्रांत काजळी साचली की उत्प्रेरक मंदावतो. ती जाळून काढली की पुन्हा चालतो. निकेल-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर दाबाखाली हायड्रोजन देण्याचीही रीत आहे, पण ती तेलशुद्धीकरण कारखान्यातली, गुऱ्हाळाशेजारी मांडण्याजोगी नव्हे.

वाहतूक हा निराळाच खर्च. सुटे पाचट ट्रॉलीत शिगेला लागते, वजन मात्र भरत नाही. म्हणून आधी गठ्ठे बांधावे लागतात. तेलाबरोबर निघणाऱ्या कोळशात पोटॅश बरेच उरते, तो रानात परत टाकता येतो.