शाळेची फी माफ, पण घरच्या कामाचं काय?

कारखान्यांची धुराडी पेटली की शिरोळ, कागल, करवीरच्या शिवारांत ऊसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात. बीडकडून आलेल्या जोड्या, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, हंगामाआधीच घेतलेली, ती फिटेस्तोवर फड सुटत नाही. दहा वर्षांची पोर काही कोयता चालवत नाही. ती धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला हात लावते. ती शाळेत गेली तर आईला बाळासाठी खोपीवर थांबावं लागणार. मग दिवसाची तोड घटणार, आणि तेवढी उचल अंगावर राहणार.

सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचा भातही मिळतो. तरी पोर शाळेत नसते, कारण जी किंमत घरच्यांना मोजावी लागते तिची पावती कुठेच फाटत नाही. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात: एक गोष्ट निवडली म्हणून हातची गेलेली दुसरी कमाई. घर जितकं गरीब, तितका हा खर्च जड.

आता एवढं सोसून पोर शिकलीच, तर गरिबी हटते का? शिकलेल्यांना पगार जास्त, हे कुणीही सांगेल. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. जो शिकतो त्याच्या घरी बहुधा आधीच दोन-चार एकर बागायत असते, वडील चार बुकं शिकलेले असतात, ओळखीपाळखी असतात. पगार शिक्षणाने वाढला की घराने, हे कसं ओळखायचं? चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना शाळेत आणि निम्म्यांना फडावर धाडता येत नाही.

इंडोनेशियात मात्र असा प्रयोग आपोआप घडून आला होता. तेलाचा पैसा हाती आल्यावर तिथल्या सरकारने १९७३ पासून पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या, कुठे जास्त, कुठे कमी. १९७४ साली जी मुलं २ ते ६ वर्षांची होती त्यांना या शाळा मिळाल्या. बारा वर्षांच्या पुढची मुलं हुकली. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी पुढे या दोन पिढ्यांमधला फरक जिल्ह्याजिल्ह्यांत मोजला आणि जास्त शाळा मिळालेल्या जिल्ह्यांत तो किती वाढला ते पाहिलं. घर, बुद्धी, ओळखी यांचा हिशेब असा बाजूला काढल्यावरही शाळेच्या दर जादा वर्षामागे मजुरी साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा निबंध २००१ चा. गरिबीवरच्या एकूण कामासाठी डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत.

‘शिकून शेवटी शेतीच करायची ना?’ हा आपल्याकडचा ठेवणीतला प्रश्न. त्याचं उत्तर भारतातल्याच हरितक्रांतीच्या आकडेवारीत सापडलं. जिथे नवं बियाणं जोमाने आलं, तिथे प्राथमिक शिक्षण घेतलेल्या शेतकऱ्याचा नफा वाढला. जिथे शेती बापजाद्यांच्या पद्धतीनेच चालली, तिथे शिक्षणाचा फारसा उपयोग दिसला नाही. यात नवल नाही. ठिबकमधून कोणतं खत किती सोडायचं, वजनकाट्याची पावती आणि कारखान्याचं बिल जुळतं का, हे पाहायला अक्षरओळख लागते. (काटामारीवर आपल्याकडे गप्पा खूप होतात, पावत्या जपून ठेवणारे थोडे.) अर्थात शाळेत नाव असणं म्हणजे वाचता येणं नव्हे. ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही, असं मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या सांगत आल्या आहेत.

कोल्हापुरात संधी खर्चावर घाव घालण्याचे दोन जुने प्रयोग झाले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. त्याहून आधी, १९०१ पासून, जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहू लागली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आलं. भाषणांत कौतुक सक्तीचं जास्त होतं. मला बोर्डिंग मोठं वाटतं. दंडाने गरिबाच्या खर्चात भर पडते. बोर्डिंगमुळे त्याच्या घरातलं एक खाणारं तोंड कमी होतं, आणि खेड्यातल्या पोराला रोजची पायपीट न करता शहरातली शाळा मिळते.

फडावरच्या मुलीला मात्र बोर्डिंगही पुरत नाही. तिच्या गावी हंगामी वसतिगृह असलं तरी आईबाप तिला मागे ठेवायला कचरतात, आणि कारखान्याजवळ साखरशाळा, म्हणजे तोडमजुरांच्या मुलांची हंगामी शाळा, भरली तरी कडेवरचा भाऊ तिच्याकडेच राहतो. त्याला पहाटेपासून सांभाळणारं कुणी फडावर नेमलं, म्हणजे पाळणाघर, तर साखरशाळेच्या हजेरीपटावर फरक पडायला वाव आहे. शाळेवर होणाऱ्या खर्चाच्या चर्चेत पाळणाघराचा विषय सहसा निघत नाही, कारण ते वेगळ्या खात्याचं काम.