शाळाभर एकच शिस्त, तीही छडीशिवाय: ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेत मुलं शाळेत घालणाऱ्या मराठी आईवडिलांना ‘पीबीआयएस’ (पॉझिटिव्ह बिहेवियरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स, म्हणजे शिक्षेऐवजी चांगलं वागणं शिकवणारी शाळाभराची पद्धत) ही अक्षरं बहुतेक ओळखीची असतात. मूल चांगलं वागल्याबद्दल मिळालेलं तिकीट घेऊन घरी येतं. ‘सुरक्षित राहा, आदराने वागा, जबाबदारीने वागा’ अशा पाट्या शाळेच्या भिंतीभिंतीवर असतात. वरवर पाहणाऱ्याला ही बक्षिसांची योजना वाटते. तिची सुरुवात मात्र तिकिटांपासून फार लांब झाली: अपंग माणसांवर ‘उपचार’ म्हणून जे अत्याचार चालायचे, त्यांच्याविरुद्धच्या भांडणात.

१९७० आणि ८०च्या दशकांत अमेरिकेतल्या मतिमंदांसाठीच्या निवासी संस्थांमध्ये स्वतःचं डोकं आपटणाऱ्या, चावणाऱ्या मुलांना आणि प्रौढांना आवरण्यासाठी चापट मारणं, तोंडावर पाण्याचा फवारा मारणं, नाकाशी अमोनिया धरणं, काही ठिकाणी तर विजेचे झटके देणं हे वर्तनशास्त्राच्या नावाखाली चालत असे. परिणाम दिसतो ना, मग झालं, असा युक्तिवाद होता. १९८१मध्ये तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी काम करणाऱ्या ‘टॅश’ या संघटनेने अशा उपायांविरुद्ध ठराव केला. पण नुसत्या ठरावाने डोकं आपटणारं मूल थांबत नाही. शिक्षा नको, तर मग काय करायचं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं.

ते १९८५मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगातून आलं. मला या सगळ्या इतिहासात तो सर्वांत मोलाचा वाटतो. विकासात्मक अपंगत्व असलेली चार मुलं. त्यांचं त्रासदायक वागणं कधी वाढतं, याचं दोघांनी बारकाईने निरीक्षण केलं. काहींचा त्रास काम अवघड झालं की वाढायचा, तर काहींचा मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. म्हणजे ते वागणं हीच त्या मुलांची बोली होती. मग अवघड कामाने अडणाऱ्या मुलांना ‘मला समजत नाही’ असं म्हणायला शिकवलं आणि लक्ष हवं असणाऱ्यांना ‘मी चांगलं करतोय का?’ असं विचारायला. वाक्य म्हटलं की मदत मिळायची किंवा कौतुक व्हायचं, आणि त्रासदायक वागणं झपाट्याने उतरलं. ज्याचं कारण वेगळं होतं त्याला दुसरंच वाक्य शिकवलं, तर मात्र फरक पडत नव्हता. वागण्यामागचं कारण आधी शोधा आणि तेच काम करणारं दुसरं वागणं शिकवा, हा पुढच्या सगळ्या पद्धतीचा गाभा इथे तयार झाला. १९९०मध्ये रॉबर्ट हॉर्नर, कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात वेदना न देता वागणं सुधारण्याच्या या पद्धतीची चौकट मांडली.

कायद्याची बाजूही याच काळात सरकत होती. १९७५च्या केंद्रीय कायद्याने अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क दिला. १९८८मध्ये ‘होनिग विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपंगत्वातून येणाऱ्या वागण्यासाठी शाळेला अशा मुलाला परस्पर दीर्घकाळ घरी बसवता येणार नाही. मूल शाळेतच राहणार, हे ठरलं. त्याला सांभाळायचं कसं, हे शाळेने शिकायला हवं होतं. १९९७मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्तनासाठीच्या सकारात्मक उपायांचा विचार व्हावा, हे थेट कायद्यात लिहिलं गेलं.

त्याच दशकात वारा मात्र उलटा वाहत होता. १९९४च्या ‘गन-फ्री स्कूल्स’ कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढून टाकणं सक्तीचं झालं. ‘झिरो टॉलरन्स’चं, म्हणजे जराही सूट न देण्याचं, हे धोरण हळूहळू उद्धट बोलणं आणि मारामारी यांच्यापर्यंत पसरलं. मुलांना शाळेबाहेर काढणं हा पहिला उपाय झाला.

अशा वातावरणात ओरेगन राज्यातल्या एल्मायरा या छोट्या गावातल्या फर्न रिज मिडल स्कूलने वेगळी वाट धरली. जवळच युजीनला ओरेगन विद्यापीठ आहे. तिथल्या जॉर्ज सुगाई, जेफ कोल्विन आणि एड कामेनुई यांनी १९९३मध्येच मांडलं होतं, की शिस्त हा विषय गणितासारखा शिकवायला हवा, आधी चूक होऊ देऊन मग शिक्षा करायची नाही. फर्न रिजच्या शिक्षकांनी ते शब्दशः घेतलं. पाचच अपेक्षा ठरवल्या: आदराने वागा, जबाबदारीने वागा, सूचना पाळा, हातपाय आपल्यापाशी ठेवा, वेळेवर तयारीनिशी या. वर्षाच्या सुरुवातीला मुलांचे गट करून त्यांना जागोजागी फिरवलं. कॉरिडॉरमध्ये कॉरिडॉरचे नियम, जेवणाच्या हॉलमध्ये तिथले, बसमध्ये बसचे. नुसतं सांगून भागवलं नाही, करून दाखवलं आणि मुलांकडून करून घेतलं. पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात पाठवण्याची प्रकरणं ४२ टक्क्यांनी घटली. १९९७मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि १९९८मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या निधीतून सुगाई आणि हॉर्नर यांचं या पद्धतीसाठीचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं.

इथून पुढे चर्चा शिक्षकांच्या चमूची होते, आणि माझ्या मते पद्धत टिकली ती या चमूमुळे. सामान्य शाळेत एकच मूल पहिल्या तासाला वर्गात टोपी घालून बसतं आणि कुणी काही म्हणत नाही. तिसऱ्या तासाला त्याच टोपीसाठी बाहेर उभं राहतं. मुलाने काय शिकायचं? म्हणून काम सुरू होतं ते मोठ्यांपासून. एक चमू बसतो: मुख्याध्यापक (ते नसतील तर ठरलेलं काही टिकत नाही), प्रत्येक इयत्तेचा एक शिक्षक, विशेष शिक्षक, समुपदेशक, शिवाय जेवणघर आणि बस सांभाळणाऱ्यांपैकी कुणीतरी. सुरुवात करण्याआधी निदान ८० टक्के कर्मचाऱ्यांची संमती घ्यावी, असा संकेत पडला. सर्वांत जास्त वाद होतो तो एका तक्त्यावर: कोणत्या गोष्टी वर्गशिक्षकाने वर्गातच निस्तरायच्या आणि कोणत्या कार्यालयात पाठवायच्या. हा वाद घालायलाच हवा. तो टाळला, तर भिंतीवरच्या पाट्या शोभेपुरत्या उरतात.

मग महिन्याला बैठक आणि आकडे. ओरेगनच्या मंडळींनी यासाठी ‘स्विस’ नावाची संगणक प्रणाली बनवली. प्रकरणं कोणत्या जागी, किती वाजता, कोणत्या प्रकारची, किती मुलांची, हे चमूला आलेखात दिसतं. निम्मी भांडणं मधल्या सुट्टीत एकाच कोपऱ्यात होत असतील, तर त्या मुलांचं समुपदेशन करण्याआधी तिथे एक मोठं माणूस उभं करावं लागतं. सार्वजनिक आरोग्यातून घेतलेला तीन थरांचा त्रिकोणही याच काळात आला. साधारण ८० टक्के मुलांना सर्वांसाठीचं शिकवणं पुरतं, १५ टक्क्यांना छोट्या गटात थोडी जास्त मदत लागते, तर ५ टक्क्यांसाठी कार-ड्युरँडसारखा एकेकाचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो. मेरिलँडमधल्या ३७ प्राथमिक शाळांपैकी कोणत्या शाळांत पद्धत आणायची, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या अभ्यासात, २०१०पासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ही पद्धत नीट राबवणाऱ्या शाळांत शिस्तभंगाची प्रकरणं आणि मुलांना निलंबित करणं कमी झालं. आज अमेरिकेत २५ हजारांहून अधिक शाळा ही चौकट वापरतात.

आक्षेपही खरे आहेत. तिकिटं वाटणं सोपं म्हणून तेवढंच उचललं जातं आणि कारण शोधण्याचं काम मागे पडतं. त्याहून गंभीर म्हणजे एकूण प्रकरणं घटली, तरी कृष्णवर्णीय मुलांना जास्त शिक्षा होण्याचं प्रमाण अनेक शाळांत तसंच राहिलं. आकडे वंशानुसार वेगळे करून न पाहणाऱ्या चमूला हे दिसतही नाही.

आपल्याकडे, भारतात, वाट उलट्या टोकाने सुरू झाली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर उभं करणं, चारचौघांत अपमान करणं कायद्याने गेलं. पण छडी खाली ठेवलेल्या शिक्षकाने साठ मुलांच्या वर्गात नेमकं काय करावं, हे एकत्र बसून ठरवायला वेळ कुणी दिला? शिपाईमामा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि मुख्याध्यापक एका टेबलाशी बसून मधल्या सुट्टीचा विचार करतात, अशी बैठक आपल्या शाळांच्या वेळापत्रकात कुठे आहे? फर्न रिजकडून घेण्यासारखं आहे ते हेच, आणि त्याला तिकिटं छापावी लागत नाहीत. महिन्यातून एक तास, एक वही आणि ‘कुठे, केव्हा, काय’ असे तीन रकाने एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.